मामांनी गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर

माझ्या वडिलांचा, म्हणजे आप्पांचा, उजवा कान त्यांच्याबरोबरच रेल्वेतून रिटायर झाला. डावाही फार दिवसांचा सोबती नाही, असं दौंडच्या डॉक्टरांनी सांगितलं. आप्पांना त्याचं विशेष काही वाटलं नाही (आई गेल्यापासून घरात ऐकण्यासारखं बोलतंच कोण, असं त्यांचं मत!). हळहळ एकच होती. तरुणपणी जयंतीच्या कार्यक्रमांत गाणाऱ्या गायन पार्टीत ते गिटार वाजवायचे आणि पार्टीकडे बल्बसारख्या पेटणाऱ्या काचेच्या व्हॉल्व्हचा अँप्लिफायर होता. पार्टी मोडली, अँप्लिफायर भंगारात गेला, गिटार तेवढी उरली.

"त्यो आवाज एकदा ऐकला, मंग कान गेला तरी चालंल," आप्पा म्हणाले.

मी आवेशात म्हटलं, मी बनवतो. (त्याआधी मी फक्त मिक्सरचा प्लग बदलला होता, आणि तेव्हा अख्ख्या गल्लीची लाईट गेली होती.)

सुट्या भागांचं किट घरपोच आलं. पण त्यात व्हॉल्व्ह नव्हते आणि जड म्हणून ट्रान्सफॉर्मरही नव्हता. वऱ्हाड आलं, नवरा-नवरी मागे राहिले! दौंडमधल्या दुकानदारांना व्हॉल्व्ह मागितले तर ते आजाऱ्याकडे बघावं तसे माझ्याकडे बघायचे. शेवटी पाटसच्या एका म्हाताऱ्या रेडिओ मेकॅनिककडे मिळाले, पोह्यांच्या डब्यात, कापसात गुंडाळलेले. जपा, आता माझ्याकडे काही उरलं नाही, असं त्यांनी लेक सासरी धाडताना सांगावं तसं सांगितलं. एसटीत तो डबा मी मांडीवर दोन्ही हातांनी धरून बसलो. शेजारच्या बाई हळूच सरकल्या. त्यांना अस्थी वाटल्या असाव्यात.

राहिला ट्रान्सफॉर्मर. शिरूरला माझ्या सख्ख्या मामांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. केंदूरपर्यंतच्या विहिरींवरच्या जळक्या मोटारी त्यांच्याकडे येतात. मी त्यांना सगळे आकडे कागदावर लिहून दिले. मामांनी कागद वाचला, हसले आणि खिशात ठेवला. काम मात्र त्यांनी मनापासून केलं.

सगळी जोडणी झाली. आप्पांनी इस्त्रीचा शर्ट घातला. गल्ली दारात जमली. मी बटण दाबलं आणि व्हॉल्व्ह असे उजळले, की आता घरात लाईट लावायला नको, असं बायको म्हणाली. आप्पांनी तार छेडली. आवाज आला! त्यांनी डोळे मिटले, डावा कान पुढे केला, आणि फाट! खोलीभर धूर झाला.

मी मामांना फोन लावला. ते शांत होते.

"दोनशे तीस व्होल्ट कागदावर असतंय रं. शेतावर कवा येतंय एवढं? मी एकशे सत्तरवर चालंल अशीच तार गुंडाळतो. माझं एक बी गिऱ्हाईक माघारी आलं न्हाई."

आमच्या घरात मात्र त्या दिवशी लाईट पूर्ण दाबाने होती. चारही व्हॉल्व्ह गेले.

मामांनी दुसरा ट्रान्सफॉर्मर लगेच आणून दिला आणि आप्पांसमोर खाली मान घालून बसले. आप्पांनीच त्यांना चहा पाजला. व्हॉल्व्ह मात्र दिल्लीहून मागवावे लागले. एकदा फुटलेले आले, एकदा भलतेच आले. या धावपळीत उसाचा हंगाम संपला आणि आप्पांचा डावा कानही गेला. मला फार वाईट वाटलं. आता कशाला, असं घरात कुणीच म्हणालं नाही, म्हणून मी अँप्लिफायर पुरा केला.

या खेपेला काही जळलं नाही. आप्पांनी पार्टीतलं जुनं गाणं वाजवायला घेतलं. आवाज काकवीसारखा दाट, त्यांनी सांगितला होता अगदी तसा. बोटं एकदाही चुकली नाहीत. ऐकू फक्त आम्हाला येत होतं. मला काही आवरलं नाही, मी चारचौघांत हुंदके देऊन रडायला लागलो.

आप्पांनी वाजवायचं थांबवलं. माझ्याकडे बघितलं, आणि पाठीवर हात ठेवून म्हणाले, "जाऊ दे, पोरा. पुन्यांदा जळाला व्हय?"