भिंतीवरची लाल रेघ

मंगळवारी दुपारी पाण्याने भिंत पाडली. भिंतीखाली अण्णा गेला. मी जिन्यावर होते.

अण्णा माझा थोरला भाऊ. बेळ्ळंदूरकडच्या आमच्या घरात तो, वहिनी आणि मी असे तिघे राहत होतो. घरामागून राजकालुवे जाते, म्हणजे वरच्या तळ्याचे पावसाळी पाणी खालच्या तळ्यात नेणारा मोठा नाला. वर्षाचे आठ-नऊ महिने त्यात काळा चिखल आणि प्लास्टिक. त्या महिन्यांच्या भरवशावर अण्णाने मागे एक खोली वाढवली. तिची भिंत नाल्याच्या दगडी कडेवरच उभी होती. काठापासून ठरावीक अंतर मोकळे सोडायचे असा नियम आहे, हे त्याला ठाऊक होते. मलाही. मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केली. नियम कुठल्या कपाटात असतात ते मला माहीत होते. उघडून वाचले मात्र नव्हते.

पावसाळ्याआधी मोजणीदार आला. नाल्यापासून टेप धरत तो मागच्या खोलीत शिरला, खोली ओलांडून आमच्या मधल्या दारापाशी आला आणि तिथे भिंतीवर लाल रंगाने रेघ ओढू लागला.

“स्वल्प मागं सरकावं लागेल, सार.”

“स्वल्प म्हणजे किती?” अण्णाने विचारले.

“पूर्ण खोली.”

अण्णा हसला. मोजणीदारही हसला. मग म्हणाला, “वर किती इमारती झाल्यात बघा. पूर्वी जमिनीत मुरायचं ते सगळं आता इथूनच जाणार. ते काय तुम्हाला विचारून येणार आहे?”

अण्णाने टेप हिसकावली आणि त्याला ढकलले. तो धुण्याच्या दगडावर तोंडावर आपटला. ओठ फाटला, दात हलला. वहिनीने त्याच्यासाठी आणलेल्या ताकात रक्ताचे थेंब पडले. आयुष्यात अण्णाने कुणावर हात उगारलेला मी पाहिला नव्हता. मोजणीदार उठला, रुमाल तोंडाशी धरून त्याने राहिलेली रेघ पुरी केली आणि गेला.

दुसऱ्या दिवशी अण्णाने देव हलवले. आमच्याकडे चांदीच्या पत्र्यावर ठोकलेले कुलदैवतांचे पाच टाक. पूर्वज या कानडी मुलखात आले तेव्हा कमरेला बांधून आणले, असे घरात सांगतात. ते नेहमी मधल्या खोलीच्या कोनाड्यात असायचे. अण्णाने मागच्या खोलीत फळी ठोकली, टाक मांडले, हळदकुंकू वाहिले. “आता देवांवर जेसीबी कोण घालतो बघू.” मग माझ्याकडे वळून म्हणाला, “लिही. तू शिकलेली.”

आठवड्याने मी कोर्टासाठी हरकतीचा अर्ज लिहिला. ‘सदर खोलीत पिढ्यानुपिढ्यांचे देवघर आहे.’ टाक पिढ्यानुपिढ्यांचे होते. देवघर आठ दिवसांचे होते. वाक्य तीनदा वाचून मी एक स्वल्पविराम हलवला. पाडकामाला कोर्टाची स्थगिती मिळाली. अण्णाने म्हैसूरपाक आणला. “तुझ्या वाचनाचा घराला पहिल्यांदाच उपयोग झाला गं!”

त्या मंगळवारी सकाळपासून पाऊस कोसळत होता. आमच्या भिंतीपाशी नाला अरुंद झाला होता, तिथे पाणी तुंबले आणि चढत गेले. आधी ते न्हाणीच्या मोरीतून उसळले. गॅसचा सिलिंडर उचलला जाऊन दारावर धडका देऊ लागला. आम्ही तिघे जिन्यावर चढलो. तिथे अण्णा थांबला. “टाक राहिले.”

वहिनीने त्याचा सदरा धरला. सदरा खांद्यापासून फाटला. “आलोच,” म्हणाला आणि कमरभर पाण्यात मागच्या खोलीत शिरला.

भिंत कोसळली नाही, ती आत आली. विटा, नाल्याचे दगड, कुणाची तरी स्कूटर, सगळे एकदम. स्कूटरने कपाट चिरडले. मधल्या दाराची चौकट उखडून जिन्यावर आदळली. अण्णाचा हात एकदा वर आला, मूठ वळलेली होती. मग छत खाली बसले. वहिनी मला मुठींनी मारत होती आणि मी कठडा धरून उभी होते.

पाणी उतरल्यावर तो सापडला. छातीवर नाल्याच्या कडेचा दगड होता. मुठीत एक टाक होता, कड तळहातात रुतलेली. आणखी दोन चिखलात मिळाले.

पलीकडच्या काठावरच्या माणसाचा गोठा याच नियमाने आधी पाडला होता. त्याने तेव्हा गल्लीभर शिव्या घातल्या होत्या. त्या दिवशी पाणी त्याच्या मोकळ्या पट्टीत पसरले, केळी आडवी केली, पायरीला लागले आणि उतरले. त्याच्या गाई पुढच्या अंगणात रवंथ करत उभ्या होत्या.

तेराव्याला आलेले नातेवाईक म्हणाले, “आता सिमेंटची पक्की भिंत घाला. स्थगिती आहेच.” वहिनीलाही तेच हवे होते. “ते तिथे गेले. ती खोली मला हवी.”

त्या आठवड्यात मी तो नियम पहिल्यांदा पुरता वाचला. त्यात आमच्याविषयी काही नव्हते. पाणी कुठे कुठे पसरेल ते कुणीतरी आधीच पाहिले होते आणि तेवढ्या जागेत माणसांनी राहू नये, एवढेच लिहिले होते. आम्ही ते आमच्याविरुद्ध लिहिलेले समजलो.

अर्ज मागे घेते आहे, असे मी वहिनीला सांगितले. तिने समई उचलून फेकली. माझी भुवई फुटली.

“नवरा गेला माझा. आता खोलीपण पाडणार तू?”

“ती उभी ठेवली होती मीच, वहिनी. त्या अर्जाने.”

जेसीबी आला तेव्हा तोच मोजणीदार होता, ओठावर वण घेऊन. खोलीच्या उंबऱ्यापाशी त्याने बूट काढले. देवांची फळी एका भिंतीला अजून होती, ती रिकामी आहे हे आत जाऊन स्वतः पाहिले, मग बाहेर येऊन हात वर केला. लोखंडी दात उरलेल्या भिंतीत घुसले. वहिनी घरात दार लावून ओरडत होती. तासाभरात काम झाले.

पुढच्या पावसाळ्यात नाला पुन्हा भरला. पाणी मोकळ्या जागेत आले, लाल रेघेच्या पलीकडेच थांबले आणि दुसऱ्या दिवशी गेले. वहिनी माझ्या शेजारी उभी राहून बघत होती.

कोनाड्यात तीन टाक आहेत. घरात वहिनी आहे आणि मी आहे.