सावळी नव्हे, काळी

आमच्या घरात 'काळा' हा शब्द तोंडावर, मोठ्यानं बोलायला लावणारा माणूस काल गेला.

डॅनियल. टांझानियाचा. आमच्या कसबा बावड्यातल्या घरी वरच्या खोलीत भाड्यानं राहायचा.

सकाळी त्याच्या बहिणीचा मेसेज आला. तेव्हापासून मी नुसती घरात फिरतेय. गॅसवरचं दूध उतू गेलं, कळलंसुद्धा नाही.

सत्त्याण्णव साल असेल. माझे वडील, अण्णा, वारल्यावर आईनं वरची खोली द्यायची ठरवली. हा कॉलेजसाठी कोल्हापुरात आलेला, आणि शाहूपुरीत दारोदार खोली मागून दमलेला.

त्याला आलेलं पहिलं मराठी वाक्य कुठलं माहितीय?

"खोली कालच गेली की ओ!"

आमच्या दारात उभा राहून ते त्यानंच आधी म्हणून टाकलं. आईला असलं हसू फुटलं, की हसता हसताच तिनं किल्ली दिली.

सकाळी जिना उतरताना तो आईला म्हणायचा, "शिकामू." त्यांच्याकडं मोठ्या माणसांना असा नमस्कार करतात.

आईला वाटायचं पोरगा 'शिका' म्हणतोय.

"तूच शीक बाबा. माजं वय ऱ्हायलंय व्हय शिकायचं?"

कितीतरी महिने हे असंच चाललं. त्यानं तिला कधी सुधारलं नाही. लबाड म्हणायचा, मला तेच उत्तर आवडतं.

त्या दिवसांतल्या संध्याकाळी आता खऱ्या वाटतच नाहीत.

साखर कारखान्याचा हंगाम चालू. अख्ख्या बावड्यावर मळीचा गोडूस, आंबूस वास. गच्चीवर आम्ही तिघं. आई शेंगा फोडतेय, आणि तो त्यांच्या तळ्याबद्दल सांगतोय. एवढं मोठं तळं, की पलीकडचा काठच दिसत नाही. मी डोळे मिटले की उसाच्या फडापलीकडं मला ते पाणी दिसायचं. अजून दिसतं.

अशाच एका संध्याकाळी त्यानं विचारलं, "सावळी म्हंजे काय गं?"

झालं होतं काय, की मला बघायला पावणं यायचे, आणि आई दरवेळी त्यांना सांगायची, "पोरगी सावळी हाय, पण नाकीडोळी नीटस हाय." ते त्याला वर ऐकू जायचं.

मी म्हटलं, "सावळी म्हणजे... काळीच. पण घरातली."

"आन मी?"

मी टरफलं गोळा करायला लागले. आई मात्र शेंगा फोडत सरळ बोलली, "तुला काळा म्हनत्यात. तू भायेरचा न्हवं?"

तो हसेल असं वाटलं होतं. हसला नाही.

"रस्त्यावर पोरं वरडत्यात, आई. मी ऐकलं न्हाय असं दावतो. पण ऐकू येतंय. रोज येतंय."

आई जरा चपापली. मग म्हणाली, "आरं, आमचा विठोबा बी काळाच की."

"व्हय. पण विठोबा शाहूपुरीत खोली मागाय जात न्हाय."

आईच्या हातातली शेंग हातातच राहिली.

मी त्याची समजूत काढायला गेले. म्हटलं, जाऊ दे रे, तुझं-माझं दुखणं एकच आहे.

"एक न्हाय," तो म्हणाला. रागानं नव्हे, अगदी शांतपणे. "तुला पावणं नको म्हनत्यात, वाईट हाय. पण तुला बघून कोन रस्ता बदलत न्हाय."

मला लागलं ते. पण खरं होतं. त्या दिवसापासून आम्ही तिघं ह्या विषयावर काहीही बोलू शकायचो. आई तर वाट्टेल ते विचारायची, अगदी तुमच्यात गोरं कुणाला म्हणत्यात, इथपर्यंत.

मग हातकणंगल्याचं स्थळ आलं.

मुलगा मला आवडला होता. उगाच कशाला लपवू? हसरा होता, आणि माझ्याकडं बघून बोलत होता. आईनं तर मनात मांडवसुद्धा घातला होता.

चहा आला आणि मुलाचे मामा बोलले. "पोरगी सावळी हाय, ते आमी चालवून घिऊ. पण वरचा त्यो काळा आदी काढा. उद्या नातवंडांचा रंग बघून लोक काय म्हनतील?"

डॅनियल जिन्यातच होता. त्याला मराठी कळतं हे त्यांना काय ठाऊक!

तो खाली आला. "आई, मी दुसरीकडं बघतो. हिचं लगीन हू दे."

मामांचं तोंड बघण्यासारखं झालं. मुलगा खाली मान घालून बसला. मी आईकडं बघत होते, आणि खरं सांगते, ती त्याला 'जा' म्हणाली असती तर मला बरं वाटलं असतं.

आईनं पदर सारखा केला.

"पावणं, माजं चुकलं. मी तुमास्नी खोटं सांगितलं. पोरगी सावळी न्हाय, काळी हाय. वरचा बी काळाच हाय. दोगं बी हितंच ऱ्हानार. च्या घ्या, गार हुतोय."

आईनं मला उभ्या जन्मात पहिल्यांदा काळी म्हटलं, आणि तेही परक्या माणसांसमोर.

स्थळ गेलं. मी गच्चीवर जाऊन ढसाढसा रडले. डॅनियल जवळ येऊन बसला.

मग म्हणाला, "मी गेलो असतो तर लगीन झालं असतं तुजं. आन त्या घरात जन्मभर पावडर लावून बसली असतीस."

मी रडता रडता त्याला एक शिवी हासडली. कोल्हापुरी. ती त्याला बरोबर कळली.

पुढं तो शिकून परत गेला. माझंही लग्न झालं, जरा उशिरा. सासरी पहिल्या सकाळी तोंड धुतलं आणि तशीच बाहेर आले, सगळ्या पाहुण्यांत. कुणी काही म्हणालं नाही, आणि म्हणालं असतं तरी चाललं असतं.

आई जाऊन बरीच वर्षं झाली. आता तूही.

डॅनियल, भावा, नीट जा.

तुझ्या काळ्या बहिणीची तुला भावपूर्ण श्रद्धांजली.