उजवा कौल, बंद रिपोर्ट

वडिलांच्या आतड्यातली गाठ काढली तेव्हा रत्नागिरीच्या डॉक्टरांनी मला एकच गोष्ट तीनदा बजावली होती. दर तीन महिन्यांनी रक्त तपासायचं. त्या गाठीचं एक प्रोटीन रक्तात उतरतं, सीईए म्हणतात त्याला. आकडा पाचाच्या आत हवा. वाढला तर दुखत नसलं तरी लगेच यायचं. मी मुंबईला नोकरीला, म्हणून बाबांना राजापूरच्या लॅबमध्ये न्यायचं काम गावी राहणाऱ्या दादाकडे.

चौथ्या वेळी त्याचा फोन आला. "रिपोट आलाय. पण आधी देवळात जाऊन आलो. देवीनं उजवा कौल दिलान. आता भियाचं नाय."

आमच्याकडे गुरव देवीच्या पाषाणाला ओल्या कळ्या चिकटवतो. उजवीकडची आधी सुटली की देवी हो म्हणाली. घराची जागा, लग्न, विहीर, सगळं तिला विचारून. "बरं झालं," मी म्हणालो.

दोन महिन्यांनी गावी गेलो. बाबा पडवीत बसले होते, सदरा खुंटीला अडकवल्यासारखा अंगावर लोंबत होता. रिपोर्ट कुठाय विचारलं तर दादाने देव्हाऱ्याकडे बोट दाखवलं. तसबिरीमागे पाकीट, वर हळदकुंकू, आणि चिकटवलेलं तसंच. मी फाडलं. एकेचाळीस.

पुढचं सगळं मला नीट आठवतं, त्याचीच लाज वाटते. थोरल्या भावाच्या तोंडावर मी बुक्की मारली. तो देव्हाऱ्यावर आदळला, समई आडवी झाली. छातीवर बसून मारलं. "ढोरा, वाचता येतं ना तुला?" दर शब्दाला एक. त्याने हात उचलला नाही, त्यामुळे तर माझं डोकं आणखीच फिरलं. रक्तातून त्याचा पुढचा दात बाहेर पडला तरी मी थांबलो नाही. जीवच घेतला असता त्याचा.

बाबा मध्ये आले. "मीच बोललो त्याला, फोडू नको म्हणून. देवीनं हो म्हटल्यावर तिची परीक्षा कशाला बघाची?"

मी त्यांनाही खांद्यांना धरून गदागदा हलवलं. हाताला नुसती हाडं लागली. तेव्हा सोडलं.

दुसऱ्या दिवशी रत्नागिरी गाठली. पुढच्या तपासण्यांत कळलं, लिव्हरमध्ये पसरलं होतं. डॉक्टर रिपोर्टची तारीख बघून म्हणाले, "तेव्हाच आला असतात तर कदाचित कापून काढता आलं असतं." दादा सुजलेलं तोंड खाली घालून उभा होता. मी दात-ओठ खात त्याच्याकडे पाहिलं. डॉक्टरांनी मला विचारलं, "लॅब मोबाइलवर पण पाठवते ना?"

पाठवते. माझ्याच नंबरवर. मी मेसेज मागे मागे सरकवत गेलो. दादाचा फोन आला त्याच दिवशीचा रिपोर्ट तिथे होता, न उघडलेला. कौल उजवा म्हटल्यावर मीही त्याला हात लावला नव्हता.

दादाने ते पाहिलं. बाहेर आल्यावर मी त्याला म्हणालो, "मार मला." तो बाबांच्यासाठी रिक्षा बघायला गेला.

बाबा गेले त्याला आता वर्ष होईल. दादाने दात बसवून घेतलेला नाही. हसला की ती फट दिसते, आणि मी गावी गेलो की तो अजून हसत पुढे येतो.