पंपकाकांनी घेतलेली मुलाखत

पंपकाकांना कोणाचं अडलेलं बघवत नाही. रस्त्यात कोणाची गाडी बंद पडली की हे धक्का द्यायला हजर, आणि बोलताना कोणी अडखळलं की हे शब्द पुरवायला हजर. उभा जन्म पाणीपुरवठ्याचे पंप सांभाळण्यात गेला, म्हणून हे नाव. बायको म्हणते, "लग्न झाल्यापासून माझं एक वाक्य धड पुरं झालेलं नाही."

निवृत्त झाल्यावर त्यांनी अभियंत्यांच्या संस्थेत बिनपगारी काम पत्करलं: व्यावसायिक नोंदणी मागणाऱ्यांच्या मुलाखती घ्यायच्या. नोंदणी मिळाली की माणूस आराखड्यावर स्वतःच्या नावाने सही करतो. तोवर घाम त्याचा आणि सही दुसऱ्याची. मानधन नाही, चहा मिळतो, तोही गार. मुलगा याला लष्कराच्या भाकऱ्या भाजणं म्हणतो. काका मात्र आदल्या दिवशीच शर्टाला इस्त्री करून ठेवतात.

मुलाखतीला परीक्षक दोन. काकांच्या जोडीला त्या दिवशी पूल बांधणाऱ्या एक बाई होत्या, वयाने लहान, बोलायला मोजक्या. समोर पाइपलाइनवर काम करणारी एक मुलगी बसली होती. गेल्या खेपेला ती नापास झाली होती, कारण तिने स्वतःच्या जबाबदारीवर निर्णय घेतल्याचं कुठे दिसलं नव्हतं. बिचारीचे हात टेबलाखाली एकमेकांत गुंतलेले होते.

"पाइपलाइनची पाण्याच्या दाबाची चाचणी तुम्ही मध्येच थांबवलीत, असं अर्जात आहे," बाई म्हणाल्या. "तो निर्णय कसा झाला?"

मुलगी पहिल्याच शब्दाला अडखळली. काकांचा जीव कळवळला.

"दाब वाढत होता, काटा थरथरत होता, असंच ना?"

"हो सर."

"आणि पाइपच्या वळणामागचा काँक्रीटचा टेकू आदल्या दिवशीच ओतलेला, म्हणजे कच्चाच. मग तुम्ही साहेबांना विचारलंत आणि पंप बंद केलात. बरोबर?"

ती क्षणभर थांबली. "हो सर."

असंच शेवटपर्यंत चाललं. ती बाहेर गेल्यावर काका खुशीत म्हणाले, "पोरगी हुशार आहे."

बाईंनी आपला कागद त्यांच्यापुढे सरकवला. कोरा होता. "सर, उत्तरं उत्तम होती, पण सगळी तुमची. तुम्ही पास आहात. तिचं मी फक्त 'हो सर' ऐकलं. त्याला गुण काय देऊ?"

काकांचा चेहरा उतरला. हात द्यायला गेलो आणि पोरीचं तोंडच दाबून बसलो, हे त्यांना तेव्हा कळलं. फार वाईट वाटलं त्यांना.

"अजून वेळ आहे," बाई म्हणाल्या. "बोलवा तिला. पण आता विचारीन मी."

काका स्वतः उठून गेले. मुलगी लिफ्टपाशी उभी होती. "मुलाखत संपलेली नाही," ते म्हणाले. "मघाशी चूक माझी झाली. आत या."

बाईंनी तोच प्रश्न पुन्हा विचारला. मुलगी गप्प. काकांची जीभ नुसती वळवळत होती. त्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला आणि खिडकीकडे बघत बसले. शांतता इतकी लांबली की त्यांना घाम फुटला.

"मघाशी मी हो म्हटलं, पण ते पूर्ण खरं नव्हतं," ती अखेर म्हणाली. "साहेबांना विचारलं होतं. ते म्हणाले, चालू ठेव, उद्या उद्घाटन आहे. टेकूपाशी खाली खड्ड्यात दोन मजूर उतरले होते. मी त्यांना वर बोलावलं आणि पंप बंद केला."

"साहेबांनी नको म्हटलेलं असताना?"

"हो. मग त्यांनी मला साइटवरून काढून ऑफिसात बसवलं."

"टेकू खरंच फुटला असता?"

"माहीत नाही, मॅडम. कदाचित टिकलाही असता. पण माणसं खाली ठेवून मला ते बघायचं नव्हतं."

बाई भराभर लिहीत होत्या. मग त्यांनी मान वर केली. "अहो, याच एका गोष्टीसाठी तुम्ही गेल्या खेपेला अडलात. मग हे अर्जात का नाही लिहिलं?"

"अर्जावर साहेबांची सही लागते."

हे सांगायला तिला ही एकच जागा होती, आणि मघाशी तिथेही आपणच बोलत सुटलो होतो, या विचाराने काकांना भरून आलं.

"सर, तुम्हाला काही विचारायचंय?" बाईंनी विचारलं.

"नाही," काका म्हणाले. "त्यांना बोलू द्या."