पिवळ्या दिसलेल्या मिरच्या
वाळत घातलेल्या मिरच्यांचा तिखट वास नाकात गेला की मला आईची ती दुपार आठवते. आतड्याचा रक्तपुरवठा अडल्यामुळे तिचं ऑपरेशन झालं होतं आणि ती नुकतीच आमच्या गावी, कोरीटला, घरी आली होती. हृदयाची जुनीच गोळी मी तिला रोज देत होतो. अंगणात लालभडक मिरच्या पसरल्या होत्या. त्यांच्याकडे बघत ती मला म्हणाली, "भाऊ, या मिरच्या पिवळ्या काब दिखी ऱ्हायन्यात?" आणि तिला उलटी झाली. मी मनगट धरलं, तर एका ठोक्यानंतर दुसरा लवकर येईना. जीपमध्ये नंदुरबारपर्यंत मी तिची नाडी सोडली नाही. डॉक्टर म्हणाले, "आतड्याच्या अस्तरात काही औषधांना परत ढकलणारे पहारेकरी असतात. रक्त न मिळाल्याने तेच दुखावले असावेत, म्हणून तेवढ्याच गोळीचं औषध रक्तात जास्त गेलं; त्यानेच पिवळं दिसलं आणि नाडी मंदावली. ती सध्या बंद, नंतर कमी करून देऊ." काही दिवसांनी खाटेवरून माझ्याकडे बघत आई म्हणाली, "तुन्हा शर्ट निळा शे ना?" शर्ट निळाच होता. मला रडूच फुटलं. आई आता बरी आहे. पण कमी केलेली ती गोळी तिच्या तळहातावर ठेवताना माझी मूठ अजूनही लवकर उघडत नाही.