दाजींसाठी नाव शोधताना

माझ्या कथांतल्या माणसांची नावं मी लग्नपत्रिकांतून घेतो. धुळ्याला शाळेत मराठी शिकवत होतो तेव्हापासूनची ही सवय. शिक्षकाच्या घरी पत्रिका फार येतात. लग्न उरकलं की लोक त्या फेकून देतात, मी बुटांच्या खोक्यात ठेवतो. वधूवरांची नावं माझ्या कामाची नसतात. कामाची नावं खाली बारीक अक्षरात सापडतात. तिथे निमंत्रक असतात, व्यवस्थापक असतात आणि अगदी तळाशी 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं' म्हणणाऱ्या पोरांची घरातली नावं असतात. तिथून मला तलाठी मिळाले, सावत्र भाऊ मिळाले, एक चांगला खुनीही मिळाला.

नियम एकच. नाव एका पत्रिकेतून, बापाचं दुसरीतून, आडनाव तिसरीतून. खऱ्या माणसाचं पूर्ण नाव कधी वापरायचं नाही.

माझ्या धाकट्या बहिणीला हा नियम आवडायचा नाही. एका राखीला ती आमच्या अहिराणीत म्हणाली, "भाऊ, बठ्ठा लोकास्ना नावे टाकस तू गोष्टमा. मनंच का बरं नही?"

"मंग तुले गोष्टमा मारनं पडी," मी म्हणालो.

"मार ना. पन मनं नाव तं छापाई जाई. जुनं नाव टाक बरं का. ते नवं नको."

तिचं नवं नाव लग्नात मिळालेलं. सासरच्यांनी ताटातल्या तांदळावर अंगठीने लिहिलं होतं. दाजींनी, म्हणजे तिच्या नवऱ्याने, ते स्वतः निवडलं होतं, त्यांच्या नावाला जोडून बरं दिसतं म्हणून. माहेरी आम्ही जुन्याच नावाने हाक मारायचो. यावलजवळच्या त्या गावात मात्र पंचवीस वर्षांत ते कुणी उच्चारलं नाही.

मागच्या वर्षी ती गेली. सहा महिने पोटात दुखत होतं. दाजी केळीचे मोठे बागायतदार, घरात कशाची कमी नाही. फोन केला की मऊ आवाजात एकच उत्तर, "एवढी कापणी उरकू द्या भाऊ, मंग जयगावले दाखवू." कापणी त्यांच्याकडे कधी उरकतच नाही. एक बाग संपली की दुसरी तयार. शेवटी तिला जळगावला आणलं तेव्हा त्यांनी नव्या गाडीच्या मागच्या सीटवर खताच्या रिकाम्या गोण्या अंथरल्या होत्या, कारण तिला उलट्या होत होत्या. दवाखान्याच्या दारात मी तिला उतरवायला पुढे झालो, तेव्हा तिच्या गालावर गोणीच्या विणीचे वळ होते. डॉक्टरांनी फाईल पाहिली आणि विचारलं, इतके दिवस कुठे होतात? दाजी म्हणाले, कापणी होती.

ती गेल्यावर पाचव्या दिवशी मी, भेटायला येणाऱ्यांसोबत, त्यांच्या दारावर बसलो होतो. गंधमुक्तीची, म्हणजे आमच्याकडच्या दिवसकार्यातल्या शेवटच्या विधीची, पत्रिका छापायला जाणार होती. मजकूर हातोहात फिरत होता. त्यात फक्त तांदळावरचं नाव.

मी म्हणालो, "दाजी, तिचं माहेरचं नावही टाका. कंसात टाका हवं तर."

"भाऊ, त्या नावानं तिले आठी कोन वयखतं?" ते म्हणाले. "लोकं म्हनतीन, याच्या दोन बायका व्हत्या का काय."

शेजारचे दोघे-तिघे हसले. पाचव्या दिवशी, तिच्या दारात, हसले.

धुळ्याला परतलो आणि नियम मोडला. कथेच्या पहिल्याच ओळीत दाजींचं नाव, त्यांच्या वडिलांचं नाव आणि आडनाव. ते लिहिताना जे सुख झालं ते मला आधी कुठल्याही वाक्याने दिलं नव्हतं. एका पानात ते नाव मी अकरा वेळा लिहिलं. 'तो' लिहायचं तिथेही नावच लिहिलं. एका दिवाळी अंकाच्या संपादकांना कथा हवी होती. पाठवायच्या आधी भाची आली. बहिणीची ही एकुलती एक मुलगी, जळगावला शिकते. तिने कागद वाचले.

"मामा, हे छापणार?"

"छापणार."

"पूर्ण नावासकट?"

"पूर्ण नावासकट. जाऊ दे त्याला कोर्टात."

तिने पिशवीतून कॉलेजचं ओळखपत्र काढून माझ्यासमोर ठेवलं. आधी तिचं नाव, मग त्याचं, मग आडनाव.

"तिनातली दोन तुम्ही घेतली मामा. मला एकच ठेवलं."

मी चिडलो. "बापाची कीव येते तुला?"

"कीव?" ती म्हणाली. "त्या गोण्या मी धुतल्या मामा. परत वापरायच्या म्हणून त्यांनी बाजूला काढून ठेवल्या होत्या." मग कागद माझ्याकडे सरकवत म्हणाली, "आणि खरं सांगू? यात मला पप्पा दिसतच नाहीत. नुसतं नाव दिसतं."

तिचं बरोबर होतं. नाव लिहिलं की काम झालं असं समजून मी पुढे काही लिहिलंच नव्हतं. शिव्या होत्या, माणूस नव्हता.

आम्ही खोकं काढलं. दुपारभर जमिनीवर पत्रिका पसरून बसलो.

"हे कसं?" मी विचारलं.

"हा बायकोला मारत असेल. पप्पांनी कधी हात उचलला नाही."

"मग हे?"

"हा तर चांगला माणूस वाटतो. मामा, असं नाव पाहिजे की माणूस मऊ बोलेल. ऐकणाऱ्याला वाटेल, किती करतो हा सगळ्यांचं."

पिंपळनेरच्या एका जुन्या पत्रिकेत, व्यवस्थापकांच्या रांगेत, ते सापडलं. देवाचं, गोड, जुन्या वळणाचं नाव. भाचीने ते दोनदा मोठ्याने उच्चारलं आणि आई गेल्यापासून पहिल्यांदा हसली. नाव मिळालं तसा तो माणूस उभा राहिला. तो बोलायला लागला. सीटवर गोण्या अंथरताना तो बायकोला म्हणाला, "सावकाश बस हं, घाई नको." हे वाक्य दाजींनी म्हटलं होतं का, मला माहीत नाही. पण त्या नावाचा माणूस हेच म्हणाला असता.

बहिणीला मात्र तिचं स्वतःचं नाव दिलं, आमच्या वडिलांच्या नावासकट, आमच्या आडनावासकट. भाचीनेच सांगितलं, आईचं नाव पूर्ण लिहा. तिच्या मरणाचा शेवटचा परिच्छेद चार दिवस लिहवेना. पाचव्या दिवशी लिहिला.

अंक आला तेव्हा दोन प्रती मी त्यांच्या गावच्या वाचनालयाला भेट म्हणून पाठवल्या. चुकून नाही, मुद्दाम. तिथे संध्याकाळी कोण कोण बसतं ते मला ठाऊक होतं.

महिन्याभराने दाजींचा फोन आला. केळी भरताना एका हमालाने त्यांना कथेतल्या नावाने हाक मारून म्हटलं होतं, "गोन्या घ्या संगं, सीट खराब व्हईन!" आणि त्यांनी मागे वळून पाहिलं होतं. त्या दिवसापासून पारावर, सोसायटीत, बसस्टँडवर तेच नाव.

"भाऊ, लोकायले सांगा बंद करा म्हना."

"मी काय केलं दाजी? तो माणूस वेगळा आहे. नाव बघा ना त्याचं."

"नावच तं आयकून राह्यलो सकायपासून," ते म्हणाले. आवाज पहिल्यांदाच मऊ नव्हता. फोन ठेवल्यावर मी चहा केला आणि साखर जास्त घातली.

तो संपायच्या आत भाचीचा फोन आला. सुट्टीत ती गावी गेली होती. "मामा, मलाही आता त्या नावाची पोर म्हणतात."

माझा चहा तसाच राहिला. तिला वाचवायला म्हणून नाव बदललं होतं. मी म्हणालो, वाचनालयाला पत्र लिहितो, अंक परत मागवतो.

"अजिबात नको," ती म्हणाली. "मी त्यांना सांगते, हो, त्याचीच. आणि आई कोण होती ते विचारते. सांगतात मामा. जुनं नाव, तिच्या बापाचं, माहेरचं आडनाव, सगळं सांगतात. काल पप्पांच्या देखत एका म्हातारीने सांगितलं."

"मग ते काय म्हणाले?"

"खाली बघत होते."

मी तिला म्हणालो, उद्या परत विचार.