झारीताईची जांभळी फुलं

भावाचा फोन आला तेव्हा झारीताईच्या हातात झारीच होती. त्यात नवल काही नाही. हातात झारी नसली तर लोक तिला विचारतात, "बरं नाही का?" रोपवाटिका चालवायला लागून बावीस वर्षं झाली, खरं नाव आता फक्त विजेच्या बिलावर उरलंय.

"ताई, ये," भाऊ म्हणाला.

"काय झालं?"

"तू ये फक्त."

हा धाकटा म्हणजे मुलखाचा अबोल. त्याच्या तोंडून एक अख्खं वाक्य काढायचं तर समोरच्याला घाम फुटतो. पण त्याचा आवाज असा कधी ऐकला नव्हता. बाई झारी तिथेच टाकून सायकलवर बसली आणि टेकाडापलीकडे त्याच्या मधमाश्यांच्या पेट्यांपर्यंत कशी पोचली, तिचं तिला कळलं नाही.

बारा पेट्या ओळीने मांडलेल्या. एरवी तिथे उभं राहिलं की बोलणं ऐकू येत नाही एवढा गुणगुणाट. आज चिडीचूप. पेट्यांपुढची जमीन काळपट-तपकिरी दिसत होती. तिला वाटलं, कुणी चहापत्ती सांडलीय. मग तिने पाय पुढे टाकला आणि बुटाखाली कुरकुर वाजलं. ती किंचाळलीच. मेलेल्या माश्या होत्या, नुसता सडा! काही अजून जिवंत होत्या, उताण्या पडून जागच्या जागी गरगर फिरत होत्या, पाय थरथरत होते, बारीकशी जीभ बाहेर आली होती.

भाऊ गुडघ्यांवर बसून हाताने माश्या गोळा करत होता. हातात मोजे नव्हते. चावायला कुणी उरलंच नव्हतं म्हणा.

"किती?" तिने विचारलं.

"नऊ पेट्या गेल्या. तीन आहेत. त्याही..."

झारीताई त्याच्याशेजारी बसून माश्या वेचायला लागली. या भावाला तिने हाताला धरून वर काढलं होतं. तीन नोकऱ्या सुटल्या, संसार मोडला, वर्षभर तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. मग कुणीतरी एक पेटी दिली आणि हा माणूस उठला, दाढी केली, सकाळी लवकर जागा व्हायला लागला. सात वर्षांत एकाच्या बारा केल्या. माश्या गेल्या तर तो पुन्हा भिंतीकडे तोंड करणार, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती.

मग तिचं डोकं फिरलं. शेजारची फळबाग! दुसरं कोण असणार? बाई तडक बागवाल्याच्या फाटकावर गेली आणि तिथे जे तोंड सोडलं ते चार गल्ल्यांना ऐकू गेलं. "विष फवारता आणि वर साळसूद चेहरे करून फिरता! लाज कशी वाटत नाही?"

बागवाला म्हातारा, नाकासमोर चालणारा माणूस. त्याच्या तोंडचं पाणीच पळालं. "अहो ताई, मी सूर्य मावळल्याशिवाय पंपाला हात लावत नाही. आदल्या दिवशी तुमच्या भावाला निरोप देतो, तो पेट्यांची तोंडं बंद करतो. आणि या महिन्यात तर फवारलंच नाही हो!"

"खोटं बोलता!" ती ओरडली. बघे जमले होते. एकाने म्हाताऱ्याच्या फाटकावर थुंकून घेतलं. झारीताईने ते पाहिलं आणि तिला बरं वाटलं. हे नंतर तिला फार दिवस आठवत राहिलं.

भावाने मात्र भांडण केलं नाही. त्याने मेलेल्या माश्या एका बरणीत भरल्या, पोळ्यातले परागाचे तुकडे दुसऱ्या बरणीत, आणि दोन्ही तपासणीला पाठवल्या. बाराव्या दिवशी तपासणीवाल्या बाई स्वतःच आल्या. त्या आधी पेट्यांपाशी गेल्या आणि मग सरळ रोपवाटिकेत. झारीताईला वाटलं, चला, बागवाल्याची आता धडगत नाही.

"तुमच्या भावाच्या माश्या सध्या कुठल्या फुलांवर जातात?" बाईंनी विचारलं.

"माझ्याच!" झारीताई फुशारली. "या दिवसांत सगळीकडे नुसतं वाळलेलं. माश्यांची उपासमार होते. म्हणून यंदा मी सहाशे रोपं लावून दिली त्याला, पेट्यांच्या मागे. जांभळी फुलं. माश्या अशा तुटून पडतात म्हणून सांगू!"

"रोपांना औषध काय देता?"

"फवारणी? छे! भावाने पहिली पेटी आणली त्या दिवसापासून फवारणी बंद. औषधवाल्याला मीच म्हटलं, बाबा रे, माश्यांना बाधणार नाही असं काहीतरी दे. त्याने आळवणीचं औषध दिलं. मुळाशी ओतायचं. हवेत एक थेंब उडत नाही, पानाला लागत नाही, फुलाला लागत नाही. रोप वीतभर झालं की एकदा एकेक मग पाजायचा, पांढऱ्या माशीची कीड फिरकत नाही." आणि ती लगबगीने आत जाऊन बाटली घेऊन आली. शाळेतलं बक्षीस दाखवावं तशी पुढे धरली.

बाईंनी बाटली हातात घेतली नाही. नाव वाचलं आणि खाली बसल्या, तिथल्याच उपड्या कुंडीवर.

"यावर लिहिलंय, फुलोऱ्यात वापरू नये."

"मग? फूल कुठे होतं तेव्हा? वीतभर तर रोप!"

"ताई," बाई हळू आवाजात म्हणाल्या, "मुळाशी ओतलेलं कुठे जातं?"

"झाडात."

"आणि झाडातून?"

झारीताईने तोंड उघडलं. उत्तर तिला येत होतं. बावीस वर्षं ती हेच तर गिऱ्हाइकांना सांगत आली होती, मुळाला घाला, ते पानापानात जाईल, कळीकळीत जाईल. तिने ते स्वतःच्या तोंडाने हजार वेळा म्हटलं होतं. आता तेच शब्द ओठांवर आले आणि तिने हातातली बाटली खाली ठेवली.

"महिनोन् महिने राहतं ते," बाई म्हणाल्या. "फुलातल्या रसात उतरतं, परागात उतरतं. माश्या ते घरी नेतात, पिलांना भरवतात. पोळ्यात हेच औषध सापडलंय. बागवाल्याच्या औषधाचा एक कणही नाही." मग त्यांनी विचारलं, "भावाला मी सांगू की तुम्ही?"

"मी," झारीताई म्हणाली. तिला स्वतःचा आवाज ओळखू आला नाही.

टेकाड चढताना तिने सायकल हातात धरली होती. बसायचं सुचलंच नाही. एक मन म्हणत होतं, बाईंना हातापाया पडून गप्प करावं, बागवाल्याचं नाव राहू द्यावं. मग फाटकावरची थुंकी आठवली आणि तिला स्वतःची किळस आली.

भाऊ रिकाम्या पेट्यांतल्या चौकटी पट्टीने खरवडत होता. तिने त्याच्यासमोर उभं राहून एका दमात सगळं सांगितलं. औषध, मुळाशी ओतलेला एकेक मग, सहाशे रोपं. "मी मारल्या रे त्या. मीच."

त्याच्या हातातली पट्टी थांबली. त्याने मागच्या जांभळ्या रांगांकडे पाहिलं. मग म्हणाला, "मला विचारलं असतंस तर मीही म्हणालो असतो, दे म्हणून."

त्याने चार शिव्या हासडल्या असत्या तर तिला सोसलं असतं. हे सोसेना. ती वाफ्यात शिरली आणि दोन्ही हातांनी रोपं उपटायला लागली. उरलेल्या तीन पेट्यांतल्या माश्या फुलांवर बसलेल्याच होत्या. रोप मुळासकट वर आलं तरी उठेनात. "उठा गं, उठा ना बायांनो!" ती डोक्याचा रुमाल काढून त्यांना हाकलत होती, रडत होती, आणि माश्या तिच्या कवेतल्या फुलांवर पुन्हा येऊन बसत होत्या. भाऊ पोती घेऊन आला. दुपारपर्यंत दोघांनी मिळून सगळा वाफा उपटून पोत्यांत बांधला. उरलेल्या तीनपैकी एका पेटीत तोवर हालचाल थांबली होती.

हात धुताना भावाने विचारलं, "आणखी किती जणांना दिलीस ही रोपं?"

रोपवाटिकेच्या दारात तिने स्वतः पाटी लावली होती: मधमाश्यांना आवडणारी फुलं, माश्या वाचवा, घरोघरी लावा. लोकांनी हौसेने नेली होती. कुणाला दोन, कुणाला दहा.

"ज्याने मागितली त्याला," ती म्हणाली.

"चल," भाऊ म्हणाला.

आधी बागवाल्याच्या फाटकाशी थांबून तिने हात जोडले. म्हातारा आत निघून गेला. मग पहिलं घर, शिलाईवाल्या मावशींचं. दुसऱ्या मजल्यावर, कापडाच्या चिंध्यांतून वाट काढत जायचं, पलीकडे गॅलरी. मावशींना आनंद मावेना.

"बरी आलीस गं झारीताई! बघ, बघ तुझी फुलं. सकाळपासून कितीतरी आल्यात. मी मशीन थांबवून बघत बसते. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी पुण्याचं काम केल्यासारखं वाटतंय बघ!"

झारीताईने फुलांकडे पाहिलंच नाही. ती आणि भाऊ दोघंही फरशीकडे बघत होते. कुंडीच्या खाली तीन-चार माश्या उताण्या पडून गरगर फिरत होत्या.

"त्या होय?" मावशी म्हणाल्या. "दमतात गं बिचाऱ्या. एवढ्या लांबून येतात. सकाळी केर काढताना सुपलीभर निघतात."

"रोज?" भावाने विचारलं.

"रोज," मावशी म्हणाल्या. "पण दुसऱ्या दिवशी नव्या येतातच की!"